मदत हवी आहे: ६-६-६-४ अभंगाचा चौथा चरण

मोठ्या अभंगाचा (चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार) सराव चालू आहे. मोजणीचा प्रश्न नाही: जोडाक्षर एकच धरायचं, लघु-गुरू बघायचं नाही, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. अडतं ते शेवटच्या चार अक्षरांत.

उंबऱ्याशी ऊन
थबकले जरा
शिरेचना घरा
खरोखर

'खरोखर' ही निव्वळ भरती. यमक तिसऱ्यातच जुळतं, वाक्यही तिथेच संपतं, मग चौथ्याला काम उरत नाही. 'कोणाविना' घातलं तर घर रिकामं असल्याचं कळतं, पण ते ओढूनताणून वाटतं का?

चौथा चरण आधी लिहून मागे यायची सवय कोणाला आहे का? की वाक्यच तिसऱ्यात अर्धवट ठेवायचं? शिवाय म्हणताना 'थबक्ले' होतं, तरी चारच अक्षरं धरता ना? नुसतं 'छान' नको, चिरफाड करा.