मदत हवी आहे: फेरेटिमा की मेटाफायर?

नमस्कार मंडळी. वरूडकडच्या खेड्यात मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. जुन्या पुस्तकात गांडूळ म्हणजे फेरेटिमा पोस्थुमा, नव्या पुस्तकात तेच मेटाफायर पोस्थुमा. १९७२ साली सिम्स आणि ईस्टन या शास्त्रज्ञांनी फेरेटिमा या गांडुळांच्या मोठ्या गटाची वेगवेगळ्या गटांत विभागणी केली, एवढं कळलं. पण त्यातले मेटाफायर आणि अमिन्थास हे दोन गट वेगळे ओळखायचे कसे? काल संत्र्याच्या बागेत दांडाच्या ओल्या मातीत एक सापडलं: १४ ते १६ खंडांवर गुळगुळीत पट्टा, १८व्या खंडाच्या खालच्या बाजूला दोन छिद्रं, १७ आणि १९वर उंचवट्यांची एकेक जोडी. छिद्रं आत पिशवीसारख्या खळग्यात असतील तर मेटाफायर ना? साध्या भिंगातून ते कसं तपासावं, कोणी सांगाल का? पोरं विचारतात, "मॅडम, पेपरात कोणतं नाव लिहू?" त्यांना चुकीचं सांगायचं नाही.