पिवळी पिशवी आणि आपला जिना

वर एकांनी म्हटलंय की कोविडचा कचरा संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून थेट जाळायच्या भट्टीत जात होता, मग सफाई कामगारांना धोका कसला? हॉस्पिटलपुरतं हे बऱ्याच अंशी खरं. दवाखान्यांच्या कचऱ्याबद्दलच्या 2016 च्या नियमांत पिशवीवर बारकोड आहे, कचरा साठवून ठेवायला 48 तासांची मर्यादा आहे, भट्टीच्या दुसऱ्या कक्षात 1050 अंशांच्या आसपास तापमान ठेवायची अट आहे.

पण 2020 मध्ये कितीतरी रुग्ण घरीच होते हो! आमच्या परळच्या चाळीत कचरा नेणाऱ्या ताई जिन्यावरच पिशवी उघडून ओला-सुका वेगळा करायच्या, उघड्या हातांनी. एकदा भाताच्या खरकट्यातून ओलसर मास्क निघाला आणि त्याला अडकलेली इन्सुलिनची सुई. त्यांनी पदराला बोट पुसलं आणि पुढचा डबा उचलला. ते बोट अजून डोळ्यांसमोर आहे.

रुग्ण नसलेल्या घरातले मास्क कापून, 72 तास कागदी पिशवीत ठेवून मग टाका, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तेव्हाच सांगितलं होतं. आमच्या नोटीसबोर्डावर ते कधी लागलंच नाही. सुया तर आजही तशाच येतात. निदान फिनेलच्या रिकाम्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा आणि ताईंच्या हातात देताना सांगा, आत सुया आहेत.