प्रतिसाद: स्लिक आधी की मर्फी?

निपाणीच्या मित्राने वर विचारलंय, कॉलेजचा प्रोजेक्ट जेम-फाइव्ह या कॉम्प्युटर सिम्युलेटरमध्ये आहे, तर त्यात कॅश कोहेरन्सचे (प्रत्येक कोअरच्या कॅशमधल्या प्रती जुळत्या ठेवण्याचे) नियम लिहायची भाषा, स्लिक, थेट शिकू का? दोघांनी 'तयार मेसी प्रोटोकॉलची (अशाच नियमांच्या एका नेहमीच्या संचाची) फाइल वाच' म्हणून सांगितलंय. मला नाही पटत. फाइल वाचून ओळी कळतील, पण प्रतीच्या एवढ्या स्टेट (अवस्था) का लागल्या ते नाही कळणार.

आधी मर्फी घ्या की ओ. स्टॅनफर्डला डेव्हिड डिल यांच्या गटात तयार झालेली, प्रोटोकॉल लिहून त्याच्या सगळ्या शक्यता तपासायची ही भाषा. दोन-तीन कोअर, एकच पत्ता, साधा एमएसआय लिहा ('एम' म्हणजे लिहिता येणारी प्रत, 'एस' फक्त वाचायची, 'आय' बाद). अट एवढीच: एक लिहीत असताना दुसऱ्याकडे वाचायलाही प्रत नको. अट मोडली की तिथवरच्या सगळ्या पायऱ्या ती दाखवते.

भावाभावांतल्या जमिनीचा फेरफार आठवा. अर्ज दिलाय, निकाल नाही, तेवढ्यात दुसऱ्याचा अर्ज मंजूर! खरी गंमत या मधल्या स्टेटमध्येच. समजा कोअर 'एस'मधून 'एम'कडे निघालाय, म्हणजे एसएम-एडी: डेटा आणि इतरांचे अ‍ॅक (पोचपावत्या) यायचे बाकी. तेवढ्यात दुसऱ्याचं इनव्हॅलिडेट (प्रत बाद करा असा निरोप) आलं. आता हातातली प्रत गेली. त्याला अ‍ॅक पाठवायचा आणि आपण आयएम-एडीत (आता 'आय'मधून 'एम'कडे) जाऊन नव्या डेटाची वाट बघायची. हे ट्रान्झिशन पाठ्यपुस्तकातल्या तीन गोलांच्या आकृतीत दिसतच नाही.

मग स्लिकमध्ये राहतं ते पोर्ट (निरोप येण्या-जाण्याची दारं), अ‍ॅक्शन (निरोपावर करायची कृती) आणि सी++चा बिल्ड. तिथे रिक्वेस्ट स्टॉल केली (थांबवून ठेवली) तर चालतं. रिस्पॉन्स मात्र अडवू नका, डेडलॉक (सगळे एकमेकांची वाट बघत अडकणं) झालाच समजा. आणि रँडम टेस्टर (कसंही वाचन-लेखन करून चुका शोधणारी चाचणी) चालवल्याशिवाय गाईडना रिझल्ट दाखवू नका.