'एल एस्पिरितु दे ला कोल्मेना' : वडील गप्प का आहेत?

माळरान :
(ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांचा रसभंग होईल.)
स्पॅनिश दिग्दर्शक विक्तोर एरिसे यांचा १९७३ सालचा हा चित्रपट काल दुसऱ्यांदा पाहिला. काळ १९४० च्या सुमाराचा आणि स्थळ कॅस्टिलच्या पठारावरचे एक गाव. स्पेनचे यादवी युद्ध नुकतेच संपले आहे. फिरत्या सिनेमावाल्याच्या ट्रकमधून गावात 'फ्रँकेन्स्टाइन' येतो आणि लहानगी आना त्यातल्या राक्षसाच्या विचाराने झपाटली जाते, इथपर्यंत मला अडचण नाही. प्रश्न तिच्या वडिलांविषयी आहे. हा मधपाळ गृहस्थ रात्र रात्र जागून माश्यांविषयी वहीत लिहितो, लिहिलेले खोडतो, आणि घरात जवळजवळ बोलतच नाही. हे घर म्हणजे यादवी जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतला स्पेन, असे समीक्षक सरसकट लिहितात. हा अर्थ बाहेरून आणून चिकटवलेला आहे, की चित्रपटातच त्याला काही आधार आहे?

सुमती_द :
आधार आहे, पण तो बोलण्यात नसून वस्तूंमध्ये आहे. आना घरातला छायाचित्रांचा जुना संग्रह चाळते, तेव्हा विचारवंत लेखक मिगेल दे उनामुनो यांच्यासोबत तरुण वडील दिसतात. सालामांका विद्यापीठाच्या या कुलगुरूंना १९३६ साली फ्रँकोच्या बाजूने पदावरून दूर केले आणि त्याच वर्षअखेरीस ते वारले, हे स्पॅनिश प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नसे. आई ज्याला पत्रे लिहिते त्या माणसाशी ताटातूट युद्धात झाली, हे पत्रातच येते. याहून स्पष्ट बोलणे शक्यही नव्हते, कारण चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा फ्रँको जिवंत होता आणि सेन्सॉरही होता. निर्माते एलियास केरेखेता यांची ख्याती अशा कात्रीतून चित्रपट बाहेर काढण्यासाठीच होती. त्याच वर्षी सान सेबास्तियानच्या महोत्सवात त्याला सुवर्णशिंपला हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो न्याहारीचा प्रसंग. आनाने लपून बसलेल्या फरारी माणसाला वडिलांचा कोट दिलेला असतो, त्यात त्यांचे वाजणारे घड्याळ असते, आणि रात्री तो माणूस गोळ्यांना बळी पडतो. सकाळी वडील टेबलाशी बसून ते घड्याळ उघडतात, सूर वाजू लागतात आणि ते मुलींच्या चेहऱ्यांकडे पाहतात. चौघेजण एकाच टेबलाशी आहेत, तरी कॅमेरा त्यांना एका चौकटीत येऊ देत नाही.

पोटमाळा :
सुमतीताईंनी दिलेले तपशील मान्य आहेत, तरीही रूपकाची किल्ली फिरवून कुलूप उघडले की चित्रपट संपला, असे होऊ नये. एरिसे आणि सहलेखक आंखेल फेर्नांदेस-सांतोस यांनी तो मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून रचला आहे. पात्रांना आपल्या नावांपेक्षा वेगळी नावे का, हे छोट्या आना तोरेन्तला उमगेना, म्हणून चारही पात्रांना नटांचीच नावे दिली गेली: आना, इसाबेल, फेर्नांदो, तेरेसा. राक्षस पडद्यावर येताच ती ज्या थक्क नजरेने पाहते तो अभिनय नव्हे; ती तेव्हा खरोखरच तो चित्रपट पाहत होती.

छायाचित्रकार लुईस क्वाद्रादो यांचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. खिडक्यांच्या षटकोनी पिवळ्या काचांमधून घरात उतरणारा तो मधाळ उजेड त्यांचा आहे, आणि त्या काळात त्यांची स्वतःची दृष्टी जात चालली होती. वडील गप्प का, याचे उत्तर मला त्या उजेडात मिळते: मधपेटीत कोंडलेल्या घरात बोलण्यापेक्षा गुणगुण अधिक ऐकू येते.

माळरान :
दोघांचेही आभार. उनामुनोंचे छायाचित्र माझ्या नजरेतून दोन्ही वेळा निसटले होते. शीर्षकाचे मराठी काय करावे? 'पोळ्याचा आत्मा' मला खटकते.

सुमती_द :
खटकणे रास्त आहे. पोळ्याला स्पॅनिशमध्ये 'पानाल' हा वेगळा शब्द आहे. 'कोल्मेना' म्हणजे माश्यांची सबंध वस्ती. हा शब्दप्रयोग बेल्जियन लेखक मेटरलिंक यांच्या मधमाश्यांवरील पुस्तकातून आला आहे आणि तिथे तो माश्या जिच्या आज्ञेत वागतात त्या अनाकलनीय शक्तीसाठी वापरलेला आहे. मी 'मोहोळाचा आत्मा' म्हणेन, जरी मोहोळ म्हटले की आपल्याला रान आठवते, पेटी नव्हे.

आणि वडिलांविषयीच विचारले आहे, म्हणून एरिसे यांचा २०२३ सालचा 'सेर्रार लोस ओखोस' अवश्य पाहा. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी खिडकीशी उभी असलेली मुलगी 'मी आना' म्हणत राक्षसाच्या आत्म्याला साद घालते. पन्नास वर्षांनी तीच आना तोरेन्त, स्मृती गमावलेल्या बापापुढे, तेच दोन शब्द उच्चारते.