इथिओपियातला ब्लू-विंग्ड गूज: इतक्या थंडीत वर्षभर तिथेच राहतो?

गवताळ_माणूस:
नमस्कार मंडळी, डिसेंबरात कामानिमित्त अदिस अबाबाला आलोय आणि मधे सुट्टी मिळाली म्हणून बाले माउंटन्सला जाऊन आलो. सानेट्टी पठारावर, म्हणजे जवळजवळ ४००० मीटरवर, एका छोट्या डबक्याच्या कडेला राखाडी-तपकिरी रंगाची गूजची जोडी चरताना दिसली, चोच छोटीशी काळी, पायही काळे, डोकं फिकट. गाइड म्हणाला ब्लू-विंग्ड गूज, पण निळं तर काहीच दिसेना! आणि एक जण मान मागे टाकून डोकं चक्क पाठीवर टेकवून चालत होता, बराच वेळ तसाच, म्हटलं आजारीबिजारी आहे की काय. पहाटे डबक्यावर बर्फाचा पापुद्रा होता. आपल्याकडे भिगवणला येणारे पट्टकादंब कसे थंडी पडली की हिमालय ओलांडून खाली येतात, तसे हे कुठे जात नाहीत का? आणि खातात काय एवढ्या उंचीवर?

पाणथळ:
अरे वा, नशीबवान आहात! आजारी नाहीये तो, तशी मान टाकून चालणं ही त्याची ओळखच आहे, उभा असला तरी असाच दिसतो. नर मादीपुढे मिरवताना तर मान पार मागे नेऊन चोच आकाशाकडे करतो आणि पंख असे धरतो की निळा भाग दिसावा. तो निळा खांद्याजवळ पंखाच्या वरच्या पिसांवर असतो, फिकट आकाशी, पंख मिटले की झाकला जातो. म्हणून जमिनीवर पाहिलात तर गबाळा राखाडी पक्षी वाटतो आणि उडाला की बघत राहावं असा, जमलं तर उडताना नक्की बघा.

थंडीचं म्हणाल तर पिसारा बघा किती दाट आणि फुगीर असतो, त्या पठारावर दुपारी ऊन चटकतं आणि रात्री पारा शून्याखाली जातो, हे सगळं तो अंगावरच्या पिसांवर निभावतो. देश सोडून कुठेही जात नाही. जगात फक्त इथिओपियाच्या डोंगराळ भागात सापडतो, साधारण १८०० मीटरच्या वर. फक्त पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला, वरून थोडा खाली उतरतो आणि एरवी जोडीजोडीने राहणारे हे पक्षी तेव्हा पन्नास-शंभरच्या थव्याने एकत्र दिसतात.

मुक्ता_के:
खाण्याबद्दल मी सांगते. मुख्य म्हणजे गवत आणि लव्हाळ्यासारख्या ओलसर जागेतल्या वनस्पती, शिवाय गांडुळं, किडे, अळ्या, गोगलगायी. पोहता छान येतं पण पाण्यात फार रमत नाही, बराचसा वेळ काठावरच्या गवतात चरण्यात जातो. त्यामुळे याला तळ्यापेक्षा तळ्याभोवतीचं आखूड, ओलं गवत जास्त महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती नात्याची. दिसायला हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरच्या गूजसारखा, पण डीएनए बघितल्यावर जवळचा नातलग निघाला हार्टलॉब्ज डक, जो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या ओढ्यांवर राहतो! त्याच्याही पंखावर तसाच निळा आहे. सायनोकेन या वंशात हा एकटाच आहे. म्हणजे हा संपला तर अख्खी शाखाच गेली.

गवताळ_माणूस:
धन्यवाद ताई, हे माहीत नव्हतं. त्याच डबक्यावर मला चक्रवाकसारखी नारिंगी बदकंही दिसली, तीच का? आणि घरटं कुठे करतात? शिकार होते का यांची? माणसं जवळून गेली तरी उडाले नाहीत म्हणून विचारतोय.

पाणथळ:
हो दादा, चक्रवाकच ती! बालेमध्ये त्यांची एक छोटी वस्ती कायमची राहते, वीणही तिथेच करते. आपल्याकडे उजनीला हिवाळी पाहुणे म्हणून येतात तीच जात.

ब्लू-विंग्ड गूजचं घरटं जमिनीवर, गवताच्या झुपक्यात लपवलेलं असतं, वीण जास्त करून मार्च ते जूनमध्ये, अंडी साधारण ४ ते ७. शिकारीचं म्हणाल तर तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन समाजात पाणपक्षी खात नाहीत, त्यामुळे परंपरेनेच अभय मिळालंय आणि म्हणून ते इतके बिनधास्त असतात. खरी काळजी वेगळीच आहे. लोकसंख्या वाढली तशी शेती वर वर सरकतेय, पाणथळ जागांचा निचरा करून जमीन काढली जाते आणि उरलेल्या कुरणांवर गुरं-मेंढ्यांची गर्दी. गवत पार खुरटं झालं की घरटं लपवायला झुपकाच उरत नाही मग पक्ष्याला कोणी हात न लावूनही काय उपयोग?

मुक्ता_के:
अजून अदिसमध्येच असाल तर सुलुल्ताच्या ओल्या माळावर किंवा गेफेर्सा जलाशयावर सकाळी जा, शहरापासून लांब नाही. तिथे इजिप्शियन गूजही असतात, त्यांचे पाय लांब आणि गुलाबीसर, डोळ्याभोवती तपकिरी डाग, त्यामुळे गोंधळ होणार नाही. आणि आवाजाकडे लक्ष ठेवा, एरवी शांत असतो पण उडताना बारीक शिट्टीसारखा आवाज काढतो. फोटो काढलात तर इथे टाका, उडतानाचा मिळाला तर फारच छान.