माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण पाहिला कुणी? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

रात्रपाळी
राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले की माहितीपटकारांची नावं बातमीच्या तळाशी येतात, तीही आली तर. मग अभिनंदनांचा पाऊस. पाहिलास का विचारलं, की सगळे गप्प. एका सरकारी हाताने पुरस्काराचं कमळ द्यायचं आणि दुसऱ्या हाताने पडदा ओढायचा, याला सन्मान कसा म्हणू? माहितीपटकार आनंद पटवर्धनांच्या 'राम के नाम'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनवर यायला त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली.

जुनं रीळ
उदाहरण तुमचंच, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. पटवर्धनांच्याच, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध'चं (१९९५) प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दाखवण्यालायक नाही म्हणणाऱ्या दूरदर्शनला 'मग सरकारनेच याला पुरस्कार कसा दिला?' हे विचारता आलं ते त्या पुरस्कारामुळेच. २००६ला निकाल माहितीपटाच्या बाजूने लागला. कपाटात धूळ खाणारं पदक कोर्टात साक्षीला उभं राहतं.

रात्रपाळी
अकरा वर्षांनी! तोवर प्रेक्षकांची एक पिढी सरली.

कात्रीवाली
संकलनाच्या टेबलावरून सांगते. पुरस्काराची रक्कम ध्वनिमिश्रण नि रंगदुरुस्तीतच जिरते. पण पुढच्या विषयासाठी पैसे मागायला गेलं की दारातून परत पाठवत नाहीत. चार-चार वर्षं एकाच गावात कॅमेरा घेऊन बसणाऱ्याला ते दार फार मोठं असतं. (घरचेही 'नोकरी कधी बघणार' विचारायचं थांबतात, निदान महिनाभर.)

तिसरी घंटा
मुळात सेन्सॉरचं प्रमाणपत्र असल्याशिवाय पुरस्कारासाठी प्रवेशिकाच घेत नाहीत. म्हणजे ज्याला खरंच झोंबणारं काही म्हणायचंय तो दारातच अडकणार. उरलेल्यांतून परीक्षक निवडणार आणि आपण टाळ्या वाजवणार.

जुनं रीळ
अडकतो, पण सुटतोही. पटवर्धनांच्याच 'वॉर अँड पीस' माहितीपटाला सेन्सॉर बोर्डाने २१ काटछाटी सुचवल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने एकही न करता तो मोकळा केला आणि मग त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१५ला याच पटवर्धनांनी निषेध म्हणून पुरस्कार परत केला. मिळालाच नसता तर परत काय करणार होते?

तिसरी घंटा
परत करण्यासाठी पुरस्कार घ्यायचा, हा युक्तिवाद पहिल्यांदाच ऐकला.

रात्रपाळी
माझी मागणी साधी आहे. पुरस्कारप्राप्त माहितीपट थिएटरात सक्तीने दाखवा.

कात्रीवाली
नको गं बाई सक्ती! सरकारी फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट सिनेमाआधी सक्तीनेच लागायचे. ते चुकवायला लोक मुद्दाम उशिरा यायचे. त्यात चांगल्या कामाचाही बळी गेला. त्यापेक्षा निकालाच्या दिवशीच कुठे बघायला मिळेल ते जाहीर करा, महिनाभर फुकट ठेवा.

रात्रपाळी
हे चालेल. जुनं रीळ, एक विचारू? एवढे दाखले देताय, तुम्ही स्वतः हे सगळं कुठे पाहिलंत?

जुनं रीळ
मित्राच्या खोलीवर. घासलेल्या सीडीवर.