व्यवस्था कोसळल्यावर लोक 'सावरतात', याचं कौतुक करायचं की काळजी?

वाटसरू
कुठेही संकट आलं की दोन दिवसांत तेच कौतुक सुरू होतं : यंत्रणा झोपली होती, पण लोकांनी बघा कसं निभावून नेलं! मला हे हल्ली पचत नाही. ज्याला परवडतं तो आपापली सोय लावतो, आणि सोय लागली की गप्प बसतो. ज्यांच्या ओरडण्याला वर किंमत असते, तेच सगळ्यांत आधी अंग काढून घेतात.

लेबनॉन बघा. १९७५ ते १९९० यादवी चालली. वीजव्यवस्था मोडली, गल्लोगल्ली डिझेल जनरेटर आले, अँपिअरच्या हिशेबाने महिन्याचं बिल द्यायचं. युद्ध संपलं, जनरेटर राहिले. पुढची तीस वर्षं सरकारी वीज अर्धवटच, आणि जनरेटरवाल्यांचं प्रस्थ एवढं की वीज सुधारली तर त्यांचाच धंदा बसणार. पैसेवाल्यांच्या घरात दिवे लागत होते ना, मग घाई कोणाला? ऑक्टोबर २०२१ मध्ये इंधनाअभावी दोन मोठी वीजकेंद्रं बंद पडली आणि देशभरची सरकारी वीज गेली. त्या वर्षी डिझेलचाही तुटवडा होता, म्हणजे जनरेटरचा आधारही बेभरवशाचा.

माझं म्हणणं एवढंच : आपलं सावरणं हेच व्यवस्थेला सडायला मोकळीक देतं.

रेवा
साफ असहमत. 'आपल्यापुरती सोय' आणि 'एकमेकांना मदत' या दोन गोष्टी तुम्ही एकाच पोत्यात भरल्यात.

जून १९७६. पोलंडमध्ये सरकारने अन्नधान्याचे भाव वाढवले, रादोम आणि उर्सुसच्या कामगारांनी संप केला, मग मारहाण, अटका, नोकऱ्या गेल्या. सप्टेंबरमध्ये काही विचारवंतांनी कामगार संरक्षण समिती काढली. सुरुवातीचं काम काय? अटकेतल्या कामगारांच्या घरी पैसे पोचवायचे, वकील द्यायचे, खटल्यांना जाऊन बसायचं. तुमच्या हिशेबाने हे नुसतं सावरणंच. पण त्यातून ओळखी झाल्या, विश्वास बसला, कामगार आणि शिकलेले लोक एकमेकांशी बोलायला लागले. १९८० च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या गोदीतल्या संपातून 'सॉलिडॅरिटी' ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली आणि वर्षभरात सुमारे एक कोटी सभासद झाले, त्यामागे ही चार वर्षं होती. उपाशी माणसाला 'आधी आवाज उठव, मग जेव' असं सांगून चळवळ होत नसते.

तिरकस
थोडक्यात, लेबनॉनला जनरेटरऐवजी वकील भाड्याने मिळायला हवे होते. 😀

काजवा
दोघांचंही एक गृहीत मला खटकतं : यंत्रणा बाजूला झाली की खालून वर येतो तो चांगुलपणाच. १ सप्टेंबर १९२३ ला तोक्यो-योकोहामा भागात प्रचंड भूकंप झाला, आगी लागल्या, एक लाखाच्या वर माणसं गेली. शेजारीपाजारी लगेच संघटित झाले, पहारे बसवले. कशासाठी? कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत अशी अफवा होती म्हणून. या जागल्या टोळ्यांनी हजारो कोरियन माणसं मारली. अफवा पसरवण्यात पोलिसांचाही हात होता. तेही 'लोकांनी एकत्र येणं'च होतं.

रेवा
काजवा, उदाहरण बिनतोड आहे, टाळणार नाही. पण त्याच देशात १७ जानेवारी १९९५ ला कोबे शहराच्या भूकंपात काय झालं तेही बघा. ६,४३४ मृत्यू. सरकार इतकं संथ की ढिगाऱ्यांतून बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. पुढच्या वर्षभरात दहा लाखांहून जास्त स्वयंसेवक येऊन गेले. आणि वाटसरू, ही मंडळी सोय लावून गप्प बसली नाहीत बरं! त्या अनुभवाच्या रेट्यातूनच १९९८ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सहज कायदेशीर दर्जा देणारा कायदा झाला.

वाटसरू
कोबे मान्य. पण भूकंप एकदा होऊन जातो. मी रोज थोडी थोडी कुजणारी व्यवस्था म्हणतोय. तिथे मदतीला दम पुरत नाही. अर्जेंटिनात २००१ च्या डिसेंबरात बँकांतले पैसे अडवले, आठवड्याला २५० पेसोच काढता यायचे. १९९५ पासून छोट्या प्रमाणावर चाललेले वस्तुविनिमयाचे क्लब तेव्हा एकदम फुगले. लाखो लोक स्वतःच्या छापील कुपनांवर भाजी, कपडे, केशकर्तन असे व्यवहार करत होते. जगभरातून वाहवा झाली. २००२ संपायच्या आत बनावट कुपनांनी आणि कुपनांच्या महागाईने सगळं बसलं. जी कामं सरकारने करायची, चलन सांभाळणं, खोटं पकडणं, ती क्लबला कुठून जमणार?

तिरकस
आता गंभीरपणे. आवाज उठवल्याने तरी सुटतं का? आइसलँडमध्ये ऑक्टोबर २००८ ला तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या. लोक भांडी बडवत संसदेसमोर उभे राहिले, जानेवारी २००९ मध्ये सरकार गेलं. सामान्य नागरिकांकडून नवी राज्यघटना लिहून घेतली, २०१२ च्या सार्वमतात सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी कौल दिला. हा कौल सल्ल्यापुरताच होता, संसदेने मसुदा मंजूरच केला नाही. अर्थव्यवस्था सावरली, पर्यटक आले, आणि भांडी परत ओट्यावर गेली. म्हणजे सोय गप्प करते हे खरं, पण ती सोय स्वतः लावलेलीच असावी लागते असं नाही.

वाटसरू
हे माझ्याच बाजूचं झालं की.

रेवा
नाही हो. यातून एवढंच दिसतं की राग टिकवायला संघटना लागते, आणि संघटना सभांमधून बनत नाही, रोजच्या कामातून बनते. अर्जेंटिनाचंच घ्या ना : मालकांनी वाऱ्यावर सोडलेले कित्येक कारखाने कामगारांनी ताब्यात घेऊन सहकारी तत्त्वावर चालवले, कोर्टात भांडले, काही आजही चालू आहेत. क्लब आणि कारखाने, दोन्ही गरजेपोटीच सुरू झाले. फरक का पडला याचं उत्तर तुमच्या सिद्धांतात मला दिसत नाही.

काजवा
कारखान्यात रोज त्याच माणसांची तोंडं बघावी लागतात, हिशेब सगळ्यांसमोर असतो. कुपन अनोळखी हातातून येतं. १९२३ च्या पहाऱ्यावर मात्र सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते, त्यामुळे हेही उत्तर पुरं पडत नाही.